रुग्ण वेगळा, श्रोता वेगळा

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बालरोगात एमडी होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. बरोबरीच्या डॉक्टरांचे रील्स लाखो लोक पाहतात, तुमचे सर मात्र म्हणतात की डॉक्टरने या फंदात पडूच नये. इकडे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत पालकांचे मेसेज आणि फोटो येत राहतात, सकाळी ओपीडीत कुणीतरी चॅटबॉटचं उत्तर पुढे करतं, आणि या सगळ्यात आपण नेमकं काय करायचं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे.

मीही बालरोगतज्ज्ञ आहे, सव्वीस वर्षं ओपीडी करते. अकाउंट उघडावं की नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. अकाउंट नसलं तरी मेसेज येणारच आणि चॅटबॉटही येणारच. खरी अडचण वेगळी आहे. पूर्वी तपासणीच्या खोलीला दार होतं. दाराच्या आत जो बसला तो रुग्ण. बाकीच्यांशी बोलायचं ते एखाद्या व्याख्यानात. आता एकाच फोनवरून आपण दोघांशीही बोलतो, त्यामुळे समोर रुग्ण आहे की श्रोता, हे दर वेळी आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. श्रोत्यांशी आजाराबद्दल बोलायचं आणि रुग्णाबद्दल फक्त रुग्णाशी. माझ्या हातून या बाबतीत ज्या चुका झाल्या, त्या बहुतेक ही दोन माणसं एकमेकांत मिसळल्यामुळे झाल्या.

तुम्ही नोकरीत आहात की स्वतःचं क्लिनिक चालवता, यावर बरंच अवलंबून आहे. नोकरीत असाल तर संस्थेचं धोरण आधी वाचा. कायदा देशागणिक बदलतो. भारतात २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना जाहिरातबाजी करून रुग्ण ओढायला मनाई केली. ऑनलाइन सल्ल्यासाठी मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात रुग्ण अल्पवयीन असेल तर ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत हवी, असं स्पष्ट लिहिलं आहे. सोशल मीडियावर स्वतंत्र भाग असलेले नवे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१३ मध्ये या विषयावर वेगळं मार्गदर्शन काढलं आणि २०२४ मध्ये ते नव्याने आणलं. म्हणजे नियम करणारेही अजून चाचपडत आहेत. आणि शेवटी स्वभावाचाही भाग आहे. कॅमेऱ्यासमोर बोलणं तुम्हाला मनापासून नको वाटत असेल तर नका बोलू. त्याने तुम्ही कमी प्रतीच्या डॉक्टर ठरत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्यातूनच माझे बहुतेक नियम आले.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मूल आलं. खेळण्यातला छोटा बटण सेल त्याने गिळला होता आणि तो अन्ननलिकेत अडकला होता. हा सेल भयंकर असतो. त्यातून काहीतरी गळतं म्हणून इजा होते, असं लोकांना वाटतं. पण मुख्य इजा विजेमुळे होते. ओलसर आवरणाला सेलचे दोन्ही ध्रुव टेकले की प्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ते मूल वेळेत पोचलं, सेल काढला गेला, मूल वाचलं. मला वाटलं, हे सगळ्या पालकांना कळायला हवं. त्याच रात्री मी लिहिलं. नाव नाही, फोटो नाही. फक्त मुलाचं वय, 'काल संध्याकाळी', कोणतं खेळणं, आणि आई दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत होती एवढं. पोस्ट खूप पसरली. खाली लोकांनी त्या आईला वाट्टेल ते बोलून घेतलं.

आठवड्याने ती फॉलोअपला आली. मुलाला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, ती आई मीच ना?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मी सगळ्या कमेंट वाचल्या." एवढंच बोलली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

नाव लपवलं म्हणजे गुप्तता पाळली, असं मी तोपर्यंत धरून चालले होते. तिला तर कुणीच ओळखलं नव्हतं. पण तिने स्वतःला ओळखलं, आणि माझ्यावर विश्वासून सांगितलेली गोष्ट हजारो लोकांच्या तोंडून स्वतःविरुद्ध ऐकली. त्या दिवसापासून माझी कसोटी बदलली. 'इतरांना कळेल का' हे मी नंतर विचारते. आधी विचारते, 'हे त्या रुग्णाने वाचलं तर त्याला कळेल का, आणि कळलं तर कसं वाटेल?' ती पोस्ट आज लिहायची असती तर मी त्या मुलाबद्दल एक शब्दही लिहिला नसता. बटण सेल कसा दिसतो, दोन तासांना महत्त्व का, उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा, झाकणाला स्क्रू असलेलीच खेळणी घ्या, एवढं लिहिलं असतं. पालकांना तेवढंच हवं असतं. आईचा फोन त्यात मी घातला तो गोष्ट रंगावी म्हणून, हे आज मला स्पष्ट दिसतं.

आणि 'इतरांना कळणार नाही' हेही आपल्याला वाटतं तेवढं पक्कं नसतं. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. आपण केस लिहिताना वय, दिवस, परिसर आणि दुर्मीळ आजार असं चारचौघांत मांडतो, तेव्हा कोडं जवळजवळ सोडवूनच देतो. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं, सीटीच्या डिजिटल फाइलच्या आत नाव आणि जन्मतारीख दडलेली असते, फोनवरच्या फोटोत बऱ्याचदा वेळ आणि जागाही नोंदलेली असते. कोपरा कापला म्हणजे झालं, असं नाही.

मुलांचे चेहरे मी कुठेही टाकत नाही, आई-वडिलांनी लेखी संमती दिली तरीही. ज्या डॉक्टरने नुकतंच आपलं मूल बरं केलं, तिला नाही कोण म्हणेल? ती संमती मोकळी नसते. शिवाय ज्याचा फोटो आहे, त्याला आज बोलता येत नाही. पंधरा वर्षांनी येईल, तेव्हा तो फोटो कुठे कुठे गेलेला असेल, हे मला माहीत नसेल.

डॉक्टरांच्या आपापसातल्या ग्रुपचंही असंच. तिथे शिकायला खूप मिळतं. एखाद्या अवघड केसमध्ये रात्री दोन वाजता मला तिथून मदत मिळाली आहे. पण 'आपलाच ग्रुप आहे' या भरवशावर काही टाकू नका. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला वैद्यकीय महाविद्यालयातल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सार्ससारख्या रुग्णांबद्दल लिहिलं. बाहेर पसरवू नका, असंही लिहिलं. तरी स्क्रीनशॉट नावासकट बाहेर गेला आणि ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० ला ते कोविडनेच गेले. मला ही घटना दोन कारणांनी आठवते. बंद ग्रुप बंद नसतो, हे एक. दुसरं, त्यांचं म्हणणं खरं होतं. डॉक्टरने बाहेर बोलूच नये असं जे म्हणतात, त्यांना मी हेच नाव सांगते. ली यांनी सहकाऱ्यांना सांगितलं ते धोक्याबद्दल होतं, सावध करण्यासाठी होतं. कुणा रुग्णाची गोष्ट रंगवायला नव्हतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: केस सांगू नका, आजार सांगा. चेहरा नको. आणि कुठलाही ग्रुप चव्हाट्यावर आहे असं समजूनच लिहा.

आता रात्रीचे मेसेज. तुम्हाला सगळ्यात जास्त थकवणारी गोष्ट बहुधा हीच असेल, म्हणून इथे जरा थांबते. मी बरीच वर्षं स्वतःच्या नंबरवर प्रत्येक मेसेजला उत्तर देत होते. त्याला मी सेवा समजत होते. मग एकदा एका आईने विचारलं, "ताप आहे, पाच मिली देऊ का?" मी दिवसभराच्या थकव्यात 'हो' लिहिलं. तिच्या हातात सिरप नव्हतं, थेंबांची बाटली होती. त्याच औषधाचे थेंब सिरपपेक्षा कित्येक पट तीव्र असतात. नशिबाने तिला मापाबद्दल शंका आली आणि तिने पुन्हा फोन केला. त्यानंतर मी सगळी पद्धत बदलली. क्लिनिकचा नंबर वेगळा आहे. मेसेज दिवसातून दोन वेळा वाचले जातात आणि ही वेळ प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगितलेली असते. मेसेज आला की लगेच एक ठरावीक उत्तर जातं: श्वासाला त्रास, झटका, गुंगी, दूध-पाणी अजिबात न घेणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, यांपैकी काही असेल तर उत्तराची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. डोस विचारला तर आधी बाटलीच्या लेबलचा फोटो आणि मुलाचं आजचं वजन. ते आल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. जे सांगितलं ते केस पेपरवर उतरवायचं, कारण मेसेजवर दिलेला सल्लाही सल्लाच असतो. रात्रीसाठी आम्ही तीन डॉक्टरांनी पाळी लावून घेतली आहे.

फोटोवर काय बघायचं आणि काय नाही, हेही ठरवून टाका. अंगावरचं पुरळ फोटोत दिसतं, पण दाबल्यावर ते मावळतं की तसंच राहतं, हे दिसत नाही. आणि दाबूनही न मावळणं हीच नेमकी धोक्याच्या पुरळाची खूण असते. नवजात बाळाची कावीळ मी फोटोवर कधीही ठरवत नाही. पिवळ्या दिव्याखाली गोरं बाळ कावीळ झाल्यासारखं दिसतं आणि पांढऱ्या प्रकाशात खरी कावीळ फिकी पडते. व्हिडिओचं मात्र उलट आहे. काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखं पुढे वाकतं, हात पसरतं, आणि घरच्यांना वाटतं पोटात दुखतंय. ओपीडीत आल्यावर ते बाळ छान हसत असतं. इन्फंटाइल स्पाझम नावाची ही फिट किती बाळांमध्ये पूर्वी आठवडेच्या आठवडे निसटत असेल! आज आई फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून आणते आणि मी त्याच दिवशी ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीला, पाठवते. या आजारात उपचाराला उशीर झाला की वाढीवर परिणाम होतो, म्हणून तो एक मिनिट फार मोलाचा. तंत्रज्ञानाने माझ्या कामात सगळ्यात मोठी भर कुठे घातली असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

एक गोष्ट मेसेजवर कधीच नाही: वाईट बातमी. पण आता रिपोर्ट थेट पालकांच्या फोनवर येतात, आपल्या आधी. म्हणून तपासणी लिहून देतानाच सांगा की यात काय निघू शकतं, रिपोर्ट किती वाजता येईल आणि मी फोन कधी करीन. आधी तयारी केलेली असली की रिपोर्ट उघडल्यावर त्यांची पाचावर धारण बसत नाही.

चॅटबॉटबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडा राग दिसला. मलाही यायचा. २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी इंटरनेटवर विचारलेल्या १९५ आरोग्यविषयक प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटबॉटची उत्तरं, कुठलं कुणाचं हे न सांगता, तपासणाऱ्यांपुढे ठेवली. ७८.६ टक्के वेळा त्यांनी चॅटबॉटचं उत्तर पसंत केलं. आपुलकीच्या बाबतीत तर फरक मोठाच होता. डॉक्टरांची उत्तरं सरासरी ५२ शब्दांची होती, चॅटबॉटची २११. यावरून यंत्राला जास्त कळतं असं मी म्हणणार नाही. तपासणारे स्वतः रुग्ण नव्हते आणि त्या उत्तरांनी कुणी बरं झालं का, हे मोजलंच नव्हतं. पण ५२ हा आकडा मला लागला. १९८४ मध्येही ७४ भेटींच्या एका अभ्यासात दिसलं होतं की रुग्ण आपलं गाऱ्हाणं सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. आपण ऐकत नाही ही तक्रार यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

म्हणून कुणी चॅटबॉटचं उत्तर आणलं की मी फोन हातात घेते आणि त्यांच्यासमोर ते पूर्ण वाचते. मग विचारते, "यातलं तुम्हाला कशाची भीती वाटली?" बहुतेक वेळा खरा प्रश्न तिथे असतो. उत्तरात बरोबर असेल ते बरोबर म्हणायचं. चूक असेल तिथे सांगायचं की यंत्राने तुमचं मूल पाहिलं नाही आणि तुम्ही न सांगितलेलं त्याला ठाऊक नाही; पोट मी हाताने तपासलं आहे. स्वतः चॅटबॉट वापरत असाल तर रुग्णाचं नाव, रिपोर्ट, फोटो त्यात टाकू नका. नोंदी लिहून देणारी यंत्रं मलाही हवीशी वाटतात. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णासोबतच्या दर एका तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि कागदपत्रांत जात होते. तो वेळ परत मिळाला तर कुणाला नको आहे? पण यंत्राने लिहिलेली नोंद वाचल्याशिवाय सही करू नका. 'ताप नाही' मधला 'नाही' गळला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

अफवांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: तिथे आपण गप्प बसणं परवडत नाही. अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा लसीला ऑटिझमशी जोडणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला तो फक्त १२ मुलांवरचा होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं आणि त्याच वर्षी वेकफील्डची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी रद्द झाली. त्या बारा वर्षांचा हिशेब आपण अजून ओपीडीत चुकवतो आहोत. पण अफवेचं खंडन करताना अफवाच मोठ्या अक्षरांत मथळ्याला घेऊ नका. खरं काय ते आधी सांगा. कमेंटमधल्या भांडणात उतरू नका. आणि ऑनलाइन कुणी तुमच्या क्लिनिकबद्दल खोटं लिहिलं तरी 'त्या दिवशी तुमच्या मुलाला मी अमुक दिलं होतं' असं उत्तर कधीही देऊ नका; तो तुमचा रुग्ण आहे हे कबूल करणंसुद्धा गुप्ततेचा भंग आहे.

राहिले तुमचे सर. त्यांची अर्धी बाजू मला पटते. स्वतःचा डंका वाजवणं त्यांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. आपल्या शाखेत तर जास्तच. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये झाली. आता तोच माल इन्फ्लुएन्सरच्या तोंडून येतो, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला डिजिटल जाहिरातींवर वेगळा अहवाल काढावा लागला. बाळांच्या आहाराच्या किंवा उत्पादनांच्या कंपनीकडून एक पैसाही घेऊ नका, पैसे घेतल्याचं जाहीर करूनही नाही.

उरलेली अर्धी बाजू मात्र प्रतिष्ठेच्या जुन्या कल्पनेची आहे. २०२० मध्ये रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकातल्या लेखात तरुण सर्जनांचे पोहण्याच्या पोशाखातले फोटो 'अशोभनीय' या यादीत धरले होते. जगभरच्या डॉक्टर बायकांनी तसेच स्वतःचे फोटो टाकून विरोध केला आणि लेख मागे घेतला गेला. सुट्टीतल्या फोटोने कुठल्याही रुग्णाचं नुकसान होत नाही. आयसीयूच्या बाहेर रुग्णांच्या प्रश्नांची नक्कल करणारा विनोदी रील, अंगात पांढरा कोट असला तरी, नुकसान करतो. रुग्ण तो पाहतो आणि पुढच्या वेळी प्रश्न विचारत नाही.

सुरुवात करायचीच ठरवलंत तर पहिला व्हिडिओ श्वास मोजण्यावर करा. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, छाती-पोट उघडं ठेवून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. मूल लगेच दाखवायला हवं. खऱ्या बाळाऐवजी बाहुली घ्या. बोलायचं ते आधी कागदावर लिहा आणि तो कागद तुमच्या सरांना दाखवा. ते जिथे लाल पेन चालवतील, ती ओळ त्यांच्याबरोबर बसून पुन्हा लिहा.